डासांचे आमिष: घामाचा वास की पाण्याचा?

हॉटेलच्या गल्ल्यामागे, मिठाईच्या दुकानात आणि आता कित्येक घरांच्या हॉलमध्येही निळ्या-जांभळ्या दिव्याचे एक यंत्र टांगलेले असते. मधूनच चर्र असा आवाज होतो आणि आणखी एक डास मेला, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी अशा यंत्रांखाली उन्हाळाभर पडलेले किडे गोळा केले आणि एकेक ओळखून मोजले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत एकूण १३,७८९ किडे होते. त्यांतले चावणारे किडे फक्त ३१. उरलेल्यांत पाण्यातून निघालेले निरुपद्रवी कीटक होते, पतंग होते, आणि दुसऱ्या किड्यांवर जगणारे, म्हणजे आपल्याच कामाचे कीटकही होते.

दिव्याकडे किडे येतात यात शंका नाही. पण रोग पसरवणारी डासाची मादी ज्या कामाला बाहेर पडलेली असते, त्या कामात दिव्याचा तिला काही उपयोग नसतो. तिच्या मोठ्या गरजा दोन. अंडी पिकायला रक्त हवे, आणि पिकलेली अंडी घालायला पाणी हवे. फुलांतला मध आणि फळांचा रस हे नुसते पोट भरण्यापुरते. नर तर त्यावरच जगतात. सापळ्याचे आमिष या दोन गरजांपैकी कोणत्या तरी एकीला धरून बनवावे लागते. गेल्या शंभर वर्षांतले बरेचसे संशोधन पहिल्या गरजेवर झाले. महाराष्ट्रातल्या गावाशहरांना मात्र दुसऱ्या गरजेवर बेतलेले आमिष जास्त उपयोगी पडेल, असे माझे मत झाले आहे. का, ते सांगायचे तर आधी रक्ताच्या वाटेवर काय काय सापडले ते पाहावे लागेल. तो शोध फार मोलाचा आहे आणि त्यातले यश-अपयश दोन्ही शिकवणारे आहे.

माणसाच्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्क्यांच्या आसपास. हा शंभरपट फरक मादीला तोंडाजवळच्या स्पर्शकांवरच्या चेतापेशींनी कळतो. श्वास हवेत सलग पसरत नाही, त्याचे तुटक पुंजके वाऱ्याबरोबर वाहतात. एखादा पुंजका लागला की मादी वाऱ्याच्या उलट दिशेने पुढे झेपावते. वास तुटला की आडवी-तिडवी उडत तो पुन्हा शोधते. दहा ते पन्नास मीटरवरून हा वायू तिला जागे करतो. पाच-पंधरा मीटरच्या टप्प्यात आल्यावर डोळे कामाला लागतात आणि गडद वस्तू तिला खेचतात. मग त्वचेचा वास येतो, आणि शेवटच्या मीटरभरात अंगाची ऊब आणि ओलावा. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २०२२ साली दाखवले की हा वायू लागल्यानंतरच डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी लाल, नारिंगी आणि काळ्या रंगाकडे वळते. वायू नसताना त्याच रंगांची ती फारशी दखल घेत नाही. म्हणजे एका खुणेने दुसऱ्या खुणेचे दार उघडते. एकच खूण घेऊन बनवलेला सापळा म्हणूनच कमी पडतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. २०१३ साली एडिस डासांतली वास ओळखण्याची एक मुख्य जनुकीय व्यवस्था बंद पाडून पाहिली, तेव्हा त्यांना माणूस आणि जनावर यांतला फरक नीट कळेना. तरी कार्बन डायऑक्साइड हवेत असेल तर ते माणसाकडे येतच राहिले. एक वाट बंद केली तर दुसरीने येणारा हा प्राणी आहे.

या वायूचे महत्त्व जुने आहे. न्यू जर्सीत विलेम रुडॉल्फ्स यांनी १९२२ सालीच डासांवर त्याचा परिणाम तपासला होता. १९६२ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या सुडिया आणि चेंबरलेन यांनी हातात मावेल असा, बॅटरीवर चालणारा छोटा दिवा-पंख्याचा सापळा बनवला. त्याच्याशेजारी ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, डबा टांगला की पकड कितीतरी वाढते. आजही जगभरचे डास-सर्वेक्षक तो वापरतात. पण ड्राय आइस रातोरात उडून जातो, सिलिंडर जड आणि महाग, आणि प्रोपेन जाळून वायू तयार करणारी यंत्रे परसदारी बाग असलेल्यांसाठीच. गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्यावर रोज ड्राय आइस पोचवणे कोणाला जमणार?

म्हणून मग त्वचेकडे लक्ष गेले. १९६८ साली अमेरिकेत माणसाच्या हातावरून लॅक्टिक आम्ल वेगळे काढून ते एडिस इजिप्तीला खेचते असे सिद्ध झाले. एकटे ते फार प्रभावी नाही. कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला आले की मात्र पकड एकदम वाढते. पुढे अमोनिया आणि घामातली निरनिराळी मेदाम्ले या यादीत आली. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग इथे याच मिश्रणावर बेतलेला, गडद तोंडाचा, पंख्याने हवा आत ओढून वरच्या बाजूने अंगच्या उबदार झोतासारखी बाहेर सोडणारा सापळा तयार झाला. दिवसा चावणाऱ्या एडिसची मोजदाद करायला आज जगभर तोच सर्रास वापरतात.

या सगळ्यात एक गोष्ट वाचकांना माहीत असावी असे वाटते. ‘ज्याचे रक्त गोड त्याला डास जास्त चावतात’ असे आपल्याकडे घरोघरी म्हणतात. चावण्यात माणसामाणसांत फरक असतो हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. कारण रक्तात नाही, कातडीवर आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेस्ली व्हॉसहॉल यांच्या गटाने लोकांना हातावर नायलॉनचे मोजे घालायला दिले आणि त्या मोज्यांपैकी डास कोणत्याकडे जातात ते पाहिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत नावडता यांच्यातला फरक सुमारे शंभरपट निघाला. डासांना आवडणाऱ्यांच्या त्वचेवर कार्बोक्झिलिक आम्लांचे प्रमाण जास्त होते, आणि हा गुण वर्षानुवर्षे टिकून होता.

वासाची ही आम्ले बऱ्याच अंशी त्वचेवरचे जिवाणू तयार करतात. नेदरलँड्सचे बार्ट नोल्स आणि रुर्ड द यॉन्ग यांनी पाहिले की आफ्रिकेतला ॲनोफिलिस गॅम्बी हा डास माणसाच्या पावलांना आणि घोट्यांना पसंती देतो, आणि पाय जिवाणूनाशक साबणाने धुतले की चावे दुसरीकडे सरकतात. बोटांच्या बेचक्यांतल्या जिवाणूचा एक जवळचा नातेवाईक लिंबर्गर नावाच्या उग्र वासाच्या चीझमध्ये असतो. ते चीझ सापळ्यात ठेवले, तर डास आले. १९९६ सालच्या या शोधाला पुढे २००६ मध्ये इग नोबेल मिळाले, आणि लोक हसले. पण आफ्रिकेत हिवतापाच्या सापळ्यांसाठी बनलेली नंतरची बरीचशी मिश्रणे याच धाग्यावर उभी आहेत.

सापळ्याने कीटकाचा बंदोबस्त होऊ शकतो हा विश्वास मात्र डासांवरून आलेला नाही, आफ्रिकेतल्या त्से-त्से माशीवरून आलेला आहे. झिम्बाब्वेत ग्लिन व्हेल यांनी बैलांना जमिनीखालच्या झाकलेल्या खड्ड्यात ठेवले आणि त्यांच्या वासाची हवा नळीने वर सोडली. बैल दिसत नव्हते, तरी माश्या नळीच्या तोंडाशी जमल्या. त्या वासातून ऑक्टेनॉल, ॲसिटोन आणि काही फेनॉले निवडून काढली. निळ्या-काळ्या कापडाचा पडदा, त्यावर कीटकनाशक, शेजारी वासाची कुपी, अशी योजना चौरस किलोमीटरला चार-पाच पडद्यांच्या हिशेबाने लावली आणि माश्यांचे प्रदेशच्या प्रदेश मोकळे झाले. हेच ऑक्टेनॉल पुढे डासांवरही काही जातींत चालते असे दिसले आणि बाजारात त्याच्या कुप्या आल्या.

पण त्से-त्से माशीची मादी एका वेळी एकच अळी जन्माला घालते, तेही साधारण नऊ-दहा दिवसांनी. दररोज थोड्या माद्या मारल्या तरी तिची संख्या भरून येत नाही. डासाची मादी एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांत पुढची पिढी पंख पसरते. माशीला पुरेसा ठरलेला सापळा डासाला पुरत नाही, याचे कारण मुख्यतः हेच आहे. हा फरक लक्षात न घेता सापळ्यांची जाहिरात करणारे बरेच आहेत.

तरीही पूर्व आफ्रिकेत मोठ्या जिद्दीने प्रयत्न झाले. टांझानियातल्या इफाकारा आरोग्य संस्थेत फ्रेड्रोस ओकुमू आणि सहकाऱ्यांनी अमोनिया, लॅक्टिक आम्ल, मेदाम्ले आणि कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण नायलॉनच्या पट्ट्यांवर घेतले. २०१० साली त्यांनी जाहीर केलेला निकाल असा: एका झोपडीत हे मिश्रण आणि दूरच्या दुसऱ्या झोपडीत माणूस असेल, तर मिश्रणाकडे तीन ते पाचपट डास जातात. पण मिश्रण आणि माणूस एकाच झोपडीत असतील तर मिश्रणाचे वर्चस्व संपते. ते माणसाइतकेच किंवा त्याहूनही कमी डास ओढते. संपूर्ण विषयातला हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे. दुरून वास पुरतो. जवळ आल्यावर ऊब, ओलावा, श्वास आणि त्वचा यांचा खरा मेळ फक्त जिवंत माणसाकडे असतो. म्हणजे खाटेशेजारी ठेवलेला वासाचा सापळा घरात डास आणू शकतो आणि मग ते चावतील खाटेवरच्या माणसाला.

याचा विचार करून सापळा घराबाहेर टांगायचा, असे केनियात व्हिक्टोरिया सरोवरातल्या रुसिंगा बेटावर ठरले. नेदरलँड्सच्या वाखनिंगन विद्यापीठाने आणि नैरोबीच्या इसिपे संस्थेने मिळून चार हजारांहून जास्त घरांना सौरऊर्जेवरचे सापळे बसवले. आमिषात पाच रसायने होती, आणि कार्बन डायऑक्साइडच्या जागी २-ब्युटॅनोन नावाचे साधे, स्वस्त द्रव्य. छपरावरच्या त्याच पॅनेलवर घरात दोन दिवे लागत आणि मोबाइल चार्ज होई. वीज नसलेल्या बेटावर लोकांनी सापळा जपला, त्यात या दिव्यांचा वाटा मोठा असणार. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात ॲनोफिलिस फ्युनेस्टस हे हिवतापाचे डास ६९.२ टक्क्यांनी घटले आणि सापळे असलेल्या भागात हिवतापाचे जंतू बाळगणाऱ्यांचे प्रमाण २९.८ टक्क्यांनी कमी आढळले. मच्छरदाण्या आणि औषधोपचार होतेच; ही घट त्यांच्या वरची. वासाच्या सापळ्याने रोग कमी होतो हे प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिसले. मात्र ते बेट होते. चारी बाजूंनी पाणी असल्याने बाहेरून नवे डास सहज येत नव्हते. गडचिरोली-चंद्रपूरच्या रानाला असा काठ नाही.

आता हेच मिश्रण आपल्याकडे आणून चालेल का? इथे डासाची जात आडवी येते. आफ्रिकेतला गॅम्बी माणसाच्या वासामागे वेडा असतो. भारताच्या ग्रामीण भागात हिवतापाचा निम्म्याहून जास्त भार ज्याच्यावर आहे तो ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस प्रामुख्याने गुरांचे रक्त पितो आणि सवडीने माणसाला चावतो. माणसाच्या घामाची नक्कल करून त्याला ओढता येईल याची खात्री धरता येत नाही. आपल्याकडचे कर्मचारी त्याला शोधायला जातात तेही गोठ्यात. संध्याकाळी किंवा पहाटे कीटक समाहारक एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात काचेची नळी घेऊन गोठ्याच्या कुडाच्या भिंतीवर, छपराच्या आतल्या बाजूला, टांगलेल्या दोरांवर बसलेल्या माद्या टिपत जातो. नळीच्या एका टोकाला रबरी नळी आणि मध्ये जाळी. तोंडाने हलकेच ओढायचे, मादी नळीत आली की कापसाचा बोळा लावायचा. एका माणसाने एका तासात किती माद्या धरल्या त्यावरून गावची घनता ठरते. यात माणसाचे कसब मोजले जाते की डास, हा प्रश्न उरतोच. एक चांगला, गुरांच्या वासावर बेतलेला सापळा निदान या मोजणीतून माणसामाणसांतला फरक काढून टाकेल.

याहून अवघड पद्धत आफ्रिकेत आणि इतरत्र वापरात आहे. स्वयंसेवक रात्रभर पाय उघडे टाकून बसतो आणि पायावर उतरणारा डास चावायच्या आधी नळीत ओढतो. माणूसच आमिष. हिवतापाच्या प्रदेशात कोणालाही असे बसवणे नैतिकदृष्ट्या टोचणारे आहे. वासाचे आमिष या बाबतीत नुसते सोयीचे नाही, ते माणसाला त्या खुर्चीवरून उठवणारे आहे.

आणि आजारी माणूस तर आणखी जोरदार आमिष ठरतो. पश्चिम केनियात २००५ साली दिसले की ज्या मुलांच्या रक्तात हिवतापाच्या जंतूची संक्रमणक्षम अवस्था असते, त्यांच्याकडे इतरांच्या सुमारे दुप्पट डास जातात, आणि औषध देऊन जंतू गेले की हा फरकही जातो. डेंगीच्या विषाणूबाबत २०२२ साली उंदरांवरच्या प्रयोगात असेच आढळले. संसर्गानंतर त्वचेवरचे जिवाणू ॲसिटोफेनोन नावाचे गंधद्रव्य जास्त तयार करतात आणि एडिस त्याकडे ओढला जातो. डेंगीच्या रुग्णाला वॉर्डात दिवसाढवळ्या मच्छरदाणीत झोपवतात ते याचसाठी अगदी योग्य आहे. घरी परतलेल्या, ताप असलेल्या रुग्णालाही ती मिळायला हवी.

घरगुती उपायांविषयी थोडक्यात. मधून कापलेली प्लास्टिकची बाटली, तिच्यात साखरेचे पाणी आणि यीस्ट, हा सापळा मोबाइलवर सतत फिरत असतो. तत्त्व खरे आहे. केनियातल्या संशोधकांनी यीस्टने आंबवलेली साखर, आणि पुढे साखर कारखान्यातून निघणारी मळी, कार्बन डायऑक्साइडचा स्रोत म्हणून वापरून पाहिली आणि ती चालली. पण त्यांच्याकडे वायूच्या जोडीला पंखा आणि त्वचेच्या वासाचे मिश्रण होते. नुसत्या बाटलीचा हिशेब करून पाहा: ५० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे १४ लिटर वायू निघेल, तोही दिवस-दोन दिवसांत हळूहळू. शांत बसलेला प्रौढ माणूस तेवढा वायू सव्वा तासाच्या आसपास सोडतो. घरात चार माणसे असतील तर बाटलीचा आवाज डासाला ऐकू येणार नाही. मळीवर चालणारा, पंख्याचा सापळा मात्र आपल्या ऊसपट्ट्यात सर्वेक्षणासाठी तपासून पाहण्याजोगा आहे. मळी दारात आहे.

साखरेचे आमिष आणखी एका रीतीने वापरले गेले. फळाच्या गोड वासात विष मिसळून ते भिंतीवर लावायचे, म्हणजे मधासाठी आलेले नर-मादी दोघेही मरतात. मालीतले सुरुवातीचे प्रयोग आशादायक होते. पुढच्या मोठ्या चाचण्यांत हिवतापात तशी ठळक घट मिळाली नाही. नरांना मादीच्या पंखांच्या गुणगुणीने ओढणारे आवाजाचे सापळेही आहेत, पण नर चावतच नाही, त्यामुळे ते बव्हंशी मोजणीपुरते.

आता दुसरी वाट. रक्त पिऊन झाल्यावर दोन-तीन दिवस मादी कुठे तरी अंधारात बसून राहते, अंडी पिकतात आणि मग ती पाणी शोधायला निघते. या मादीकडे तीन कारणांनी लक्ष द्यायला हवे. ती किमान एकदा चावलेली असते, म्हणजे रोगाचा जंतू तिच्यात असण्याची शक्यता नुकत्याच जन्मलेल्या मादीपेक्षा जास्त असते. डेंगीचा विषाणू काय किंवा हिवतापाचा जंतू काय, तिच्या शरीरात वाढून लाळेत उतरायला आठ-दहा दिवस किंवा जास्त घेतो, त्यामुळे म्हातारी मादीच धोक्याची. दुसरे, ती मेली की तिच्या पोटातली अंडीही जातात. आणि तिसरे, या क्षणी तिला माणूस नको असतो. तिच्यासाठी ठेवलेले आमिष भुकेल्या डासांना घराकडे ओढत नाही आणि त्याला माणसाच्या वासाशी झुंजावे लागत नाही. त्याला झुंजायचे आहे घरातल्या पिंपाशी, माठाशी, गच्चीवरच्या टायरशी. ही झुंज जिंकता येण्यासारखी आहे, कारण पिंप झाकता येते. माणसाला झाकता येत नाही.

पाण्याला वास असतो, आणि मादी तो वाचते. क्यूलेक्स क्विंकेफॅसिएटस, म्हणजे हत्तीरोग पसरवणारा, गटारातला डास, आपली अंडी उभी एकमेकांना चिकटवून तराफ्यासारखी पाण्यावर सोडतो. भिंगाखाली पाहिले तर प्रत्येक अंड्याच्या वरच्या टोकाला एक बारीक, चकाकता थेंब दिसतो. या थेंबाचा वास दुसऱ्या माद्यांना सांगतो की इथे अंडी घातलेली आहेत, जागा चांगली आहे. १९८२ साली लॉरेन्स आणि पिकेट यांनी या थेंबातले नेमके द्रव्य ओळखले. डासांच्या बाबतीत अंडी घालायला बोलावणारे असे द्रव्य पहिल्यांदाच हाती आले. गवत कुजवलेल्या पाण्यात ते मिसळले की पकड आणखी वाढते, कारण क्यूलेक्सला घाण पाणी आवडते. पॉल रायटर यांनी १९८३ साली बनवलेला, कुजलेल्या पाण्याच्या ट्रेवर पंखा लावलेला सापळा आजही क्यूलेक्सच्या सर्वेक्षणात वापरतात. आपल्या शहरांत मात्र क्यूलेक्ससमोर मैलोन्‌मैल उघडी गटारे आहेत, सेप्टिक टँक आहेत, जाळी न बसवलेले व्हेंट पाइप आहेत. त्यांच्यापुढे सापळ्याच्या ट्रेची काय कथा? व्हेंट पाइपला जाळी बांधण्याचे काम त्याआधीचे आहे.

एडिसच्या बाबतीत चित्र जास्त आशेचे आहे, आणि त्यात भारतीय संशोधनाचा वाटा आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापनेतल्या शास्त्रज्ञांनी २००० साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवले की एडिस इजिप्तीच्या अळ्यांपासून मिळणारे हेनिकोसेन हे द्रव्य माद्यांना अंडी घालायला बोलावते. एकवीस कार्बनचा साधा, बिनविषारी, टिकाऊ हायड्रोकार्बन. पुढे त्याच संस्थेने त्याला अळ्यांची वाढ रोखणाऱ्या डायफ्लुबेन्झुरॉनची जोड दिली: मादी वासाला भुलून त्या पाण्यात अंडी घालते, अळ्या निघतात, पण त्यांचा डास होत नाही. इतक्या कमी खर्चाची कल्पना दोन दशकांनंतरही नगरपालिकांच्या रोजच्या कामात दिसत नाही, याचे मला वाईट वाटते.

हिवतापाच्या डासांविषयी असेच एक द्रव्य २०१५ साली केनियातल्या मातीतून मिळाले, सेड्रॉल. नंतर कळले की ते लव्हाळ्याच्या कुजत्या, बुरशी लागलेल्या गड्ड्यांमधूनही येते. तोच लव्हाळा, जो आपल्या शेतकऱ्याला नांगरूनही आटोक्यात येत नाही. गॅम्बीची मादी त्या वासावरून पाणी शोधते. आपल्या क्युलिसिफेसीसवर आणि मुंबईच्या टाक्या-विहिरींतल्या ॲनोफिलिस स्टेफेन्सायवर तो चालतो का, हे इथल्या प्रयोगशाळांनी तपासण्याजोगे आहे. स्टेफेन्सायचा प्रश्न मुंबईला नवा नाही. चार्ल्स बेंटली यांनी १९११ सालच्या अहवालात शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवले होते आणि विहिरी बुजवण्या-झाकण्यावरून तेव्हा मोठा विरोध झाला होता.

अंडी घालणाऱ्या एडिससाठी प्रत्यक्षात सर्वांत चांगले काम पोर्तो रिकोत झाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या सॅन हुआनमधल्या डेंगी शाखेतल्या रॉबर्टो बॅरेरा आणि सहकाऱ्यांनी बनवलेला सापळा म्हणजे एक काळी बादली. आत सुमारे १० लिटर पाणी आणि ३० ग्रॅम वाळलेल्या गवताची पुडी. पाण्यावर बारीक जाळी, म्हणजे मादी पाण्यापर्यंत पोचत नाही आणि चुकून आत अळ्या झाल्याच तर त्यांचे डास बाहेर येत नाहीत. वर काळे नळकांडे, त्याच्या आतल्या बाजूला गोंद. गवत कुजते, वास सुटतो, मादी काळ्या तोंडातून खाली उतरते आणि भिंतीला चिकटते. वीज नाही, कीटकनाशक नाही, दोन महिन्यांतून एकदा पाणी-गवत-गोंद बदलायचा. बहुतेक घरांत प्रत्येकी तीन बादल्या ठेवल्या तेव्हा वस्तीतले एडिस निम्म्याहून खाली आले. पुढे बेटावर चिकुनगुन्याची साथ आली, तेव्हा बादल्या असलेल्या वस्त्यांत संसर्गाचे प्रमाण शेजारच्या वस्त्यांच्या सुमारे निम्मे निघाले. डास कमी होणे आणि आजार कमी होणे यांत अंतर असते. इथे ते ओलांडले गेले. सिंगापूरने अशाच तत्त्वाचे साधे सापळे हजारोंच्या संख्येने सरकारी वसाहतींत लावले आणि कुठे डास वाढतोय हे रोग दिसण्याआधी ओळखायला त्यांचा उपयोग केला.

आपल्याकडे अडचण कोणती? मराठवाड्यात, विदर्भात, सोलापूरकडे कित्येक गावांना नळाचे पाणी चार-आठ दिवसांनी येते. लोक बॅरल, टाके, रांजण भरून ठेवतात, आणि त्यांनी ते करू नये असे म्हणण्याचा कोणाला अधिकार नाही. एडिसला हे सगळे पाणी सापळ्याइतकेच मोहक. म्हणून सापळा आणि कोरडा दिवस हे एकाच कामाचे दोन भाग समजायला हवेत. आठवड्यातून एकदा बॅरल रिकामे करून नुसते पाणी ओतून दिले तर पुरत नाही, कडेला चिकटलेली अंडी महिनोन्‌महिने तग धरतात. काथ्याने घासावे लागते. जिथे भांडी घासली आणि झाकली जातात, तिथे मादीला जागा उरते ती काळ्या बादलीचीच. जिथे तसे होत नाही तिथे बादल्या वाया जातील.

एखाद्या नगरपालिकेने डेंगीचा इतिहास असलेला एक प्रभाग घ्यावा, दर घराला तीन बादल्या द्याव्यात, शेजारच्या तशाच प्रभागात देऊ नयेत, आणि दोन पावसाळे दोन्हीकडचे डास आणि ताप मोजावेत. गवताच्या पुडीऐवजी अर्ध्या बादल्यांत ग्वाल्हेरचे हेनिकोसेन वापरून पाहावे. धूरफवारणीवर आज जो खर्च होतो, त्याच्या तुलनेत हे महाग नाही. धुराने घरात पडद्यामागे बसलेल्या एडिसचे फारसे काही होत नाही, हे फवारणी करणाऱ्यालाही माहीत असते. खरा खर्च माणसांचा आहे. दर दोन महिन्यांनी प्रत्येक घरात जाऊन गोंद बदलणारी, चिकटलेल्या माद्या मोजून नोंदवणारी माणसे लागतील. घरोघर अळ्या शोधत फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांची आणि आशाताईंची पावले आज त्याच उंबऱ्यांवरून जातात. फक्त बादल्यांचे काम त्यांच्या कामाच्या यादीत मोबदल्यासकट लिहावे लागेल.